शेवटच्या पानापर्यंत पोचलेली बाई

छत्र्यांच्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर एक लांबट खोली होती आणि तिथे हातशिलाई चालायची. खालच्या मजल्यावर यंत्रं कापडाच्या त्रिकोणी कळ्या कापून एकमेकींना जोडायची. वर बायका ते जोडलेलं कापड काड्यांवर चढवायच्या आणि प्रत्येक काडीच्या टोकाला, सांध्याला हातानं टाके घालायच्या. यंत्राला हे काम जमत नाही. जमलं असतं तर मालकांनी बायका कधीच घरी पाठवल्या असत्या. वरची खोली त्यामुळे शांत असायची. शांत खोलीत वीस-पंचवीस बायका बसल्या की काय होतं ते सांगायला नको. पण इथे दिवसभर एकच बाई बोलायची, आणि बाकीच्या माना खाली घालून ऐकायच्या.

तिला सगळ्या वाचनबाई म्हणायच्या. खोलीच्या मधोमध एका उंच स्टुलावर बसून ती कादंबरी वाचायची. कारखान्याच्या हिशेबी ती शिलाईवालीच होती, म्हणजे तिच्या नावावर रोज छत्र्या पडायलाच हव्यात. त्या बाकीच्या शिवायच्या. स्टुलाशेजारी वेताची एक टोपली असे, आणि प्रत्येकजण दिवसातली एक छत्री आपल्या ढिगात न ठेवता त्या टोपलीत टाकी. वाचणारीनं सुई धरायची नाही आणि तिचा दिवस बुडू द्यायचा नाही, हा तिथला रिवाज होता. तो कोणी पाडला हे विचारायचं कोणाला सुचलं नव्हतं. दारावर जुन्या मालकांचा फोटो होता, गालफडं भरलेली, नजर जरा हसरी. हे सगळं त्यांचंच औदार्य, अशी वाचनबाईची ठाम समजूत होती. रोज पुस्तक उघडण्याआधी ती त्या फोटोकडे बघून मान लववायची. इतक्या वर्षांत एकदाही चुकली नाही.

मान लववायला तिच्याकडे कारणही होतं. पोरवयात ती खाली कापायच्या यंत्रावर कामाला लागली आणि वर्ष व्हायच्या आत तिच्या उजव्या हाताचा अंगठा अर्धा गेला. सुई धरता येईना, कात्री धरता येईना. घरी बसायची पाळी आली, तेव्हा वरच्या खोलीतल्या थोरलीनं तिला जिन्यात गाठलं होतं.

"वाचता येतं का गं?"

"येतं."

"मोठ्यानं?"

"शाळेत धडा मीच वाचायचे."

"मग रडतेस कशाला? आमची वाचणारी लग्न करून चाललीय. उद्यापासून वर ये."

ती वर गेली ती गेलीच. आता तिची पन्नाशी आली होती, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला होता, आणि तिच्या तोंडून त्या खोलीनं कपाटभर कादंबऱ्या ऐकल्या होत्या.

थोरली म्हणजे खोलीतली सगळ्यात जुनी बाई. खिडकीपाशी बसायची. डाव्या दाढेनं दोरा तोडायची, आणि शिवून झालेली प्रत्येक छत्री उघडून डोक्यावर धरून एकदा वर बघायची. "पाणी नंतर गळतं," म्हणायची, "आधी उजेड गळतो." जिथे उजेड दिसेल तिथला टाका ती पुन्हा घालायची. अलीकडे मात्र तिच्या डोळ्यांना उजेड आणि टाका यातलं अंतर कळेनासं झालं होतं. ती वर बघायची, समाधानानं मान हलवायची आणि छत्री ढिगात ठेवायची. मग मुकादमीण, नाकावर माशी बसू न देणारी बाई, गुपचूप त्या छत्र्या उचलून न्यायची आणि स्वतः दुरुस्त करून आणायची. सगळ्यांना माहीत होतं. कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

त्या खोलीला अन्यायाच्या कादंबऱ्या फार आवडत. नवं पुस्तक निवडायची पद्धत अशी होती की दोन-तीन पुस्तकं टेबलावर मांडायची आणि ज्या पुस्तकापुढे जास्त रिळं पडतील ते वाचायला घ्यायचं. रिळं नेहमी खाणीपुढे, गिरणीपुढे, तुरुंगापुढे पडायची. राजवाड्यांपुढे आणि बागेतल्या प्रेमापुढे एखाद-दुसरं, तेही चुकून. ऐकून ऐकून बायका तयार झाल्या होत्या. पुस्तकातल्या मालकाला पहिल्या प्रकरणात खोकला आला की चौथ्यात तो पगार कापणार, हे त्यांना कळायचं. गरीब माणूस फार सुंदर बोलायला लागला की त्यांचा त्याच्यावरचा विश्वास उडायचा. "हा लेखकाचा माणूस आहे," गडबडी म्हणायची. गडबडी हे सगळ्यात भराभर हात चालवणारीचं नाव. जिभेचा वेगही तोच. तरी रडायची वेळ आली की तीच आधी रडायची. लेखकमंडळींना संप भारी आवडतो, मोर्चा तर त्याहून आवडतो. संप संपल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी उठून कामावर जायचं असतं, हे प्रकरण लिहायला मात्र त्यांच्यापैकी कोणाला वेळ झालेला दिसत नाही. पण बायका त्यांना हेही माफ करत होत्या.

त्या वर्षी टेबलावर एक नवी कादंबरी आली. छत्र्यांच्या कारखान्यातल्या संपाची. सगळी रिळं एकाच पुस्तकापुढे पडली, असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

पहिल्याच दिवशी खोली चपापली. लेखकानं जिन्याची वाकलेली पायरी लिहिली होती. डिंकाचा वास, खिडकीबाहेरची पाण्याची टाकी, समोरच्या घरातला मास्तर, सगळं होतं. आणि दुसऱ्या प्रकरणात एक बाई आली. तरुण, सडसडीत, तोंडानं फटकळ. ती डाव्या दाढेनं दोरा तोडत होती. छत्री शिवून झाली की ती उघडून डोक्यावर धरत होती आणि उजेड कुठून गळतो ते बघत होती.

वाचनबाईचा आवाज एक क्षण अडखळला. तिनं मान वर केली नाही; खिडकीकडे तर मुळीच नाही. पुढचं वाक्य वाचलं, त्याच्या पुढचं वाचलं. सुया थांबल्या होत्या, मग एकेक करत पुन्हा चालू झाल्या. प्रत्येकीला वाटलं, आपल्यालाच कळलंय.

चाळीसेक वर्षांपूर्वी या कारखान्यात खरंच संप झाला होता आणि तो थोरलीनं घडवून आणला होता, हे त्या खोलीत वाचनबाईशिवाय कोणाला नीट ठाऊक नसावं. त्या वेळच्या बायका एकेक करून गेल्या होत्या. थोरली स्वतः त्याबद्दल बोलत नसे. एकदाच बोलली होती. वाचनबाईला नवीन असताना जिन्यात म्हणाली होती, "त्या संपात मी गेले असते तर बरं झालं असतं बघ. हरलो. चौघींचं काम कायमचं गेलं, माझ्या शब्दावर आल्या होत्या त्या. मेलेल्या माणसाला कोणी बोल लावत नाही. जिवंत राहिलं की तोंड घेऊन फिरावं लागतं." एवढं बोलून ती जिना चढून गेली होती. वाचनबाईच्या काळजात ते वाक्य रुतून बसलं होतं.

आणि आता ही म्हातारी, जिनं चाळीस वर्षं स्वतःचं तोंड लपवलं, तिच्याकडे एक अख्खं पुस्तक कौतुकानं बघत होतं. पुस्तकातली बाई मालकासमोर ताठ उभी राहायची. तिच्या एका हाकेनं खोली रिकामी व्हायची. गडबडी म्हणाली, "असली बाई आपल्यात एक हवी होती," आणि लगेच जीभ चावून छत्रीत डोकं घातलं. दुसऱ्या दिवशी थोरली केस नीट विंचरून आली. त्यानंतर ठेवणीतले कपडे घालून आली. मग एके दिवशी तिनं आपला बसायचा पाट खिडकीपासून उचलला आणि स्टुलाजवळ आणून ठेवला.

"उजेड लागत नाही का आता?" मुकादमिणीनं विचारलं.

"ऐकू कमी येतं," थोरली म्हणाली. तिचे कान तर भिंतीपलीकडचं ऐकायचे.

घरी जाताना जिन्यात तिनं वाचनबाईचा हात धरला. "शेवट आधीच सांगू नकोस हं मला. तू घरी पुढचं वाचून ठेवतेस, मला माहितीय."

ठेवायची खरंच. वाचनबाईची ती शिस्तच होती: दुसऱ्या दिवशीची पानं सकाळी घरी एकदा मोठ्यानं वाचायची, अवघड जागा पाहून ठेवायच्या. ऐकायला नवरा असायचा. तो बसवरचा निवृत्त कंडक्टर, एका कानानं ठार बहिरा, दुसऱ्यानं सोयीपुरता. ती वाचायची आणि तो समोर बसून दाढी करायचा.

ज्या सकाळी ती शेवटच्या प्रकरणाला आली, त्या सकाळी तिनं तीच पानं दोनदा वाचली. पुस्तकातली बाई कारखान्याच्या फाटकात लाठी लागून पडली होती. चिखलात पडून ती मरत होती, दीड पानभर, आणि मरता मरता छान छान बोलत होती. मग गर्दीनं तिची उघडी छत्री उचलली, झेंड्यासारखी उंच धरली आणि फाटकातून आत घुसली. मालकानं हात जोडले. पगार वाढले. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की ती जगली असती तर हे घडलं नसतं.

तिनं पुस्तक मिटलं. नवऱ्याचा अर्धा गाल अजून साबणात होता.

"मेली?" त्यानं विचारलं.

"मेली. आणि मेली म्हणून संप जिंकला."

"मग चांगलंय की."

"काय चांगलंय? उद्या हे मी तिच्या तोंडावर वाचायचं? चाळीस वर्षं तिच्या मनात हेच आहे, मेले असते तर बरं झालं असतं. आता छापील पुस्तक तिला सांगणार, हो बाई, बरोबर म्हणत होतीस. ती कपडे बदलून येते हो रोज. वेणी घालून येते."

त्यानं वस्तरा पाण्यात धुतला. मग म्हणाला, "बदल की."

"काय बदलू?"

"शेवट. त्यांच्या हातात कुठे पुस्तक असतं? मी गाडीवर असताना किती म्हाताऱ्यांना थांबा नसलेल्या ठिकाणी उतरवलंय. घर समोर दिसत असताना पुढच्या थांब्यापर्यंत कशाला न्यायचं?"

"मी कधी खोटं वाचलेलं नाही," ती म्हणाली.

"मी पण नियमानेच घंटी वाजवायचो," तो म्हणाला, आणि राहिलेला गाल वर केला.

तिनं आधी टाळाटाळ करून पाहिली. मागचं प्रकरण पुन्हा वाचलं, कोणाला तरी ऐकू आलं नव्हतं म्हणून. घसा बसला म्हणून एक दिवस घालवला. बायका कुरकुरल्या नाहीत, आणि इथेच तिला संशय यायला हवा होता, कारण ती मंडळी एरवी एका पानासाठी जीव खायची. थोरली मात्र रोज पाटावर बसून वाट बघत होती. शेवटी टाळायला काही उरलं नाही.

त्या दिवशी वाचनबाईनं फोटोकडे पाहून मान लववली, पुस्तक उघडलं आणि वाचायला लागली. फाटकापर्यंत जसं होतं तसं वाचलं. लाठी आली. बाई पडली. मग तिनं डोळे पानावरच ठेवले आणि तोंडानं भलतंच सुरू केलं. बाई पडली, पण तिला फारसं लागलं नाही. बायकांनी तिला उचललं, पाणी पाजलं. मालकाला खिडकीतून हे दिसलं आणि त्याचं मन द्रवलं. त्यानं पगार वाढवले. बाई कामावर परत आली आणि सगळ्या सुखानं छत्र्या शिवू लागल्या. समाप्त.

तिनं पुस्तक मिटलं. कानशिलं तापली होती. स्वतःचा आवाज तिला शाळेतल्या नाटकातल्यासारखा ऐकू आला होता.

मग गडबडी घाईघाईनं म्हणाली, "वा. छान झाला शेवट."

"छानच," पलीकडची म्हणाली.

"असाच हवा," तिसरी म्हणाली, आणि तिनं नाक पुसलं. मुकादमीण मान हलवत राहिली. इतक्या वर्षांत ज्या बायकांनी एकाही शेवटाला धड म्हटलं नव्हतं, त्या एकमुखानं खूश होत्या. तेव्हा वाचनबाईच्या लक्षात आलं की सगळ्यांना सगळं ठाऊक आहे. सगळ्या तिच्या बाजूनं खोटं बोलत होत्या, आणि तिला त्या क्षणी त्या प्रत्येकीचा फार लोभ वाटला.

थोरलीनं दोरा तोडला. "खोटं वाचलंस," ती म्हणाली.

"नाही हो. असंच आहे."

"अगं, मालकाचं मन द्रवलं? कुठल्या पुस्तकात द्रवलंय आजवर?" तिचा आवाज शांत होता, चिडलेला अजिबात नव्हता. "इतकी वर्षं ऐकतेय मी. खाण झाली, गिरणी झाली, गोदी झाली. संप करणारी एक तरी बाई शेवटच्या पानापर्यंत पोचली का? सांग बरं. पुरुष एखादा तुरुंगात जातो, सुटून येतो. बाई दिसली की मी मनात म्हणते, चला, ही मरणार. ही दुसऱ्या प्रकरणात आली तेव्हाच मला कळलं होतं."

"मग रोज इतक्या आनंदानं..." वाचनबाई म्हणाली.

"मधली पानं चांगली होती की." थोरलीनं सुई कापडात खोचून ठेवली. "तू माझ्यासाठी बदललंस, ते कळलं मला. पण तुझ्या तोंडून खोटं ऐकलं तर मग मी खरं कोणाकडून ऐकू? वाच जसं आहे तसं."

वाचनबाईनं चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग तिनं ते प्रकरण वाचलं, चिखल, दीड पानांचं मरण, छत्रीचा झेंडा, सगळं. वाईट लिहिलं नव्हतं, हे कबूल करायला हवं. गडबडी हुंदके देत होती. मुकादमीण भिंतीकडे तोंड करून उभी होती. शेवटची ओळ आली, ती जगली असती तर हे घडलं नसतं, ही. आणि वाचनबाईला ती एका दमात वाचता आली नाही. पण तिनं ती वाचली.

थोरलीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. तिनं ते पालथ्या हातानं पुसलं. "बिचारी," ती म्हणाली. "चांगली मुलगी होती."

मग तिनं पुस्तकाकडे मान वळवली. "हे लिहिणारा तो समोरचा मास्तर असणार. खिडकीत उभा असायचा. त्यानं मला पडताना पाहिलं असेल, आणि मग बदली होऊन गेला असेल. त्याचा काय दोष? पडताना सगळे बघतात. उठायला मला वेळ लागला. तोवर कोण थांबतंय?"

"म्हणजे तुम्ही..." सगळ्यात नवी मुलगी म्हणाली. तिला वाटलं होतं की आपल्याला काही माहीत नाही असं दाखवायचंय, आणि ती अजून दाखवत होती.

"मीच गं ती. का, दिसत नाही का?" थोरली हसली. "हात मोडला होता. बरा व्हायला वेळ गेला. संप त्याआधीच मोडला. दमडीनंही पगार वाढला नाही. चौघींना परत घेतलं नाही. मला घेतलं, कारण उजेड बघून छत्री शिवणारी दुसरी मिळेना. यापेक्षा काढलं असतं तर बरं, असं वाटायचं."

"चौघींत माझी आई होती," मुकादमीण भिंतीकडे बघतच म्हणाली.

हे कोणालाच माहीत नव्हतं. थोरलीलाही नव्हतं, असं तिच्या चेहऱ्यावरून दिसलं.

"तिनं दुसरीकडे काम धरलं," मुकादमीण म्हणाली. "तुम्हाला बोल लावताना मी तिला कधी ऐकलं नाही. तुम्ही एकदाही भेटायला आला नाहीत, तेवढं मात्र बोलायची. वाट बघायची ती तुमची."

मुकादमीण थोरलीजवळ गेली, आणि त्या नाकावर माशी बसू न देणाऱ्या बाईनं खाली बसून म्हातारीच्या मांडीवरचं कापड उगाच सारखं केलं. बराच वेळ सारखं करत राहिली.

"म्हणजे काहीच मिळालं नाही?" नव्या मुलीनं शेवटी विचारलं. "संपातून?"

"मिळालं ना. पण ते पुस्तकात लिहिण्यासारखं नव्हतं." थोरलीनं दारावरच्या फोटोकडे बोट केलं. "कामावर परत आलो तेव्हा हे म्हणाले, आजपासून शिवताना बोलायचं नाही. तुम्ही बोलता आणि बोलण्यातून संप होतात. मी म्हटलं, बरं, नाही बोलत. पण तोंडाला कुलूप लावून दिवसभर बसलं तर डोकं फिरेल. एकीनं वाचलं आणि बाकीच्यांनी ऐकलं तर चालेल का? ते म्हणाले, वाचा काय वाचायचं ते. विणकामाचं वाचू, स्वयंपाकाचं वाचू, असं वाटलं असेल त्यांना. मी म्हटलं, मग वाचणारीच्या छत्र्या आम्ही शिवू, तिचा पगार कापायचा नाही. तेवढं एक लिहून घेतलं मी. मोडका हात गळ्यात होता, डाव्या हातानं सही केली."

"आणि पहिलं काय वाचलं?" गडबडीनं विचारलं.

"खाणीतल्या संपाचं," थोरली म्हणाली. "शेवटी बाई मेली."

खोली हसली. रडून झाल्यावर येतं तसलं ते हसू होतं, थांबता थांबेना.

वाचनबाई हसली नाही. ती दारावरच्या फोटोकडे बघत होती. इतकी वर्षं ती रोज भलत्याच माणसासमोर मान लववत आली होती. तिचं स्टूल, तिची टोपली, तिचा अंगठा गेल्यावरचं सगळं आयुष्य या पाटावर बसलेल्या बाईनं एका हरलेल्या संपातून ओढून आणलं होतं, आणि त्याबद्दल एक शब्द न बोलता रोज आपली एक छत्री त्या टोपलीत टाकत आली होती. आज सकाळचीही त्यात होतीच.

ती स्टुलावरून उतरली. "तुम्ही इथे बसा," ती म्हणाली.

"मी? स्टुलावर? पडेन की."

"पडलात तर या वेळी उठेपर्यंत थांबू सगळ्या. बसा. पुढचं सांगा. हात मोडल्यावर घरी काय झालं, डाव्या हातानं सही करताना मालक काय म्हणाले, सगळं. पहिल्यापासून."

दोघींनी धरून थोरलीला वर बसवलं. वाचनबाई तिच्या पाटावर बसली. मग तिनं थोरलीनं खोचून ठेवलेली सुई उचलली. खोलीतली कुजबुज बंद झाली. अर्ध्या अंगठ्यानं सुई धरता येत नाही. दोन बोटांच्या मधे अडकवून ढकलावी लागते. ती ढकलत राहिली. बोलणारीनं शिवायचं नसतं, आणि तिचा दिवस बुडू द्यायचा नसतो. थोरली वरून बघत होती आणि सांगत होती. सांगताना तिचा आवाज आधी दबका होता, मग त्याला पुस्तकातल्या बाईचा फटकळपणा यायला लागला, आणि भोंगा व्हायच्या सुमारास तर ती मालकाची नक्कल करत होती.

वाचनबाईची छत्री शिवून झाली. टाके वेडेवाकडे, एक काडी तर नुसती लटकत होती. तिनं ती टोपलीत टाकायला हात पुढे केला, पण थोरलीनं मधेच घेतली. बोलणं थांबवून ती उघडली, डोक्यावर धरली आणि आपल्या अधू डोळ्यांनी वर बघितलं. बघत राहिली. मग तिनं छत्री जरा कलती केली, म्हणजे खालून वाचनबाईलाही तिच्याखाली येता येईल.

"मला नाही दिसत आता," ती हळूच म्हणाली. हे तिनं आजवर कोणापाशी कबूल केलं नव्हतं. "तू सांग. गळतोय का उजेड?"

वाचनबाईनं वर पाहिलं. तीन ठिकाणी उजेड स्पष्ट आत येत होता. खोलीतल्या सगळ्या बायका तिच्याकडे बघत होत्या.

"गळतोय," ती म्हणाली. "तीन ठिकाणी."

थोरलीनं समाधानानं मान हलवली आणि छत्री मिटून तिच्या हातात दिली.

"मग उसव, आणि पुन्हा घाल," ती म्हणाली. "मी तोवर पुढचं सांगते."